रुईचं पान आणि इस्फहानची तलवार

काचेपलीकडे ती तलवार होती आणि तिच्या पात्यावर मुरब्याची ओहोटी उमटलेली होती.

आमच्या मुरबे गावचा किनारा ज्याने पाहिला आहे त्याला हे लगेच कळेल. पाणी लांब मागे सरलं की ओल्या रेतीवर रेघा राहतात. बारीक, एकीला लागून एक, कुठे दोन मिळून एक झालेल्या, कुठे फुटून वळलेल्या. सकाळचं तिरपं ऊन पडलं की त्या अशा उठतात की त्यांच्यावर पाय ठेवायला जीव होत नाही. त्या काळपट पोलादावर अगदी तसंच होतं. मुठीपासून टोकापर्यंत. कुणी वरून कोरलेलं नव्हतं, रंगवलेलं नव्हतं, ते धातूच्या आतून वर आलेलं होतं.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, शस्त्रांच्या दालनात मी उभा होतो. लेक सातवीत आहे, तिला शाळेच्या प्रकल्पासाठी अकबराची ढाल आणि चिलखत बघायचं होतं, म्हणून रविवारी पहाटे मुरब्याहून रिक्षाने बोईसर गाठलं आणि तिथून लोकल. ती ढालीसमोर वही उघडून बसली, मी दोन पावलं पुढे सरकलो आणि तिथेच खिळलो. ‘बाबा, झालं माझं, चला ना.’ ‘थांब गं जरा.’ हे आमचं चार वेळा झालं. शेवटी तीच माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाबा, यावर आपली रेती आहे.’ तिने हे मला न विचारता म्हटलं! तेव्हा मला खात्री पटली की माझे डोळे मला फसवत नाहीत.

मी का थांबलो ते सांगायला हवं. मी बावीस वर्षं तारापूरच्या एमआयडीसीत पोलादी तार बनवणाऱ्या कारखान्यात आहे, उष्णता प्रक्रियेच्या विभागात. तार भट्टीतून नऊशे अंशांच्या वर तापून येते आणि वितळलेल्या शिशाच्या हौदात शिरते. शिसं पाचशेच्या वर असतं. त्या काही सेकंदांत तारेच्या पोटात जे घडतं त्यावर ती पुढे ओढली जाईल की तुटेल हे ठरतं. त्या पोटात डोकावायचं तर नमुना कापा, घासा, आरशासारखा करा, ॲसिड लावा, मग सूक्ष्मदर्शकाखाली धरा. आणि इथे, काचेपलीकडे, पोलादाचं पोट उघड्या डोळ्यांना दिसत होतं! बावीस वर्षं मी जे भिंगातून पाहिलं त्याचं भावंड कुणीतरी तीन-चारशे वर्षांपूर्वी हातभर लांब पात्यावर उघडं करून ठेवलं होतं. भट्टीला तापमापक नाही, प्रयोगशाळा नाही. डोळा, हात आणि कोळसा.

खालच्या पाटीवर लिहिलं होतं, इराणी धाटणीची शमशीर. म्हणजे आपली समशेर. बाजीराव-मस्तानीच्या मुलाचं नाव समशेर बहादर होतं हे मी शाळेत शिकलो होतो, पण ‘समशेर’ हा शब्द कुठल्या लोखंडाचा आहे हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

त्या रविवारनंतर अडीच महिने झाले. रात्रपाळीहून आलो की झोपायच्या आधी एक तास वाचतो, आणि तो तास दोन तासांचा होतो. जे सापडतंय ते मी कुणाला सांगू नि कुणाला नको असं होतं. आधी त्या रेघांचं सांगतो.

अशा शमशीरींचं पोलाद पुष्कळदा इराणचं नसायचं. शमशीर घडायची इस्फहानला, तिला आकार द्यायचा इराणी कारागीर, पण तिचं पोलाद पुष्कळदा आपल्या दख्खनचं असायचं! इंग्रज त्याला वुट्झ म्हणत. आजच्या तेलंगणात, निजामाबादच्या बाजूला, कोनसमुद्रम नावाचं गाव आहे. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर हिंडणारे डॉक्टर आणि भूशास्त्रज्ञ व्हॉयसी तिथे गेले होते. त्यांचं टिपण १८३२ मध्ये छापलं गेलं आणि त्यात इस्फहानचा एक व्यापारी त्यांना तिथे भेटल्याचं आहे. तो पोलाद विकत घ्यायला आला होता. कल्पना करा! इस्फहानहून समुद्रापर्यंत, समुद्र ओलांडून दख्खनपर्यंत, मग बैलगाडीच्या वाटेने एका खेड्यातल्या भट्टीपर्यंत माणूस येतो, मुठीएवढे गोळे वजन करून घेतो आणि परत जातो. कशासाठी? कारण तसं पोलाद त्याला आणखी कुठे मिळत नाही.

आणि ते बनवायचे कसे! मातीची लहान मूस, भाताचा तूस मिसळून मळलेली. तिच्यात लोखंडाचे तुकडे, थोडं लाकूड, वर हिरवी पानं. झाकण मातीने लिंपून बंद. अशा मुशी कोळशात रचून तासन्‌तास भाता ओढायचा आणि मग त्या सावकाश निवू द्यायच्या. फोडली की आत पोलादाचा गोळा. म्हैसूर-सेलमकडच्या भट्ट्यांची जुनी वर्णनं आहेत, त्यांत लाकूड कसलं ते लिहिलं आहे. तरवडाचं. आणि पानं कसली? रुईची!

रुई! मुरब्याच्या किनाऱ्यावर वाळूत उगवणारी, शेळ्यासुद्धा जिला तोंड लावत नाहीत ती रुई. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो ती. हे वाचलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, मी उठून चपला घातल्या आणि किनाऱ्याकडच्या वाटेवर जाऊन एक पान तोडून आणलं. जाड, लोकरीसारखं मऊ, देठातून पांढरा चीक. त्या पानातला कार्बन लोखंडात उतरायचा आणि लोखंडाचं पोलाद व्हायचं. आमच्या तारेत कार्बन पाऊण टक्क्याच्या आसपास असतो आणि तेवढ्यानेही ती हट्टी होते. वुट्झमध्ये त्याच्या दुप्पट, दीड टक्क्याच्या घरात. एवढा कार्बन असलेलं पोलाद कुणी माझ्यापुढे ठेवलं आणि म्हटलं याला ठोकून लांब कर, तर मी म्हणेन की तडकेल. तडकतंच. लोहार थोडा घाईत असला, आच थोडी वाढली, की गोळ्याचे तुकडे. इराणी लोहार मंद लाल रंगावर, पुन्हा पुन्हा, थोडं थोडं ठोकत जायचे. त्या ठोकण्या-निवण्यातून कठीण कणांच्या ओळी लागत जायच्या आणि शेवटी पातं घासून त्यावर आम्लाचं पाणी फिरवलं की त्या ओळी वर यायच्या. माझी ओहोटी!

मायकेल फॅरडे, विजेवाला फॅरडे, तोसुद्धा या पोलादाच्या मागे लागला होता. १८१९ मध्ये त्याने वुट्झ तपासलं, पुढे तसं बनवायचा खटाटोप केला. आणि उलगडा व्हायला किती काळ लागला पाहा, १९९८ मध्ये अमेरिकेतल्या व्हरहोवेन या धातुशास्त्रज्ञाने पेंड्रे नावाच्या लोहाराला सोबत घेऊन दाखवून दिलं की खनिजात व्हॅनेडियमसारखं मूलद्रव्य कणभर असलं तरच त्या ओळी नीट लागतात. म्हणजे विशिष्ट खाणीचं खनिज संपलं की कला संपली. कारागीर तोच, हात तोच, भट्टी तीच, आणि पात्यावर काही उमटत नाही. त्या माणसाला काय वाटलं असेल? आमच्याकडे एकदा तारेची एक अख्खी खेप तुटत गेली होती आणि कारण आठवडाभर सापडत नव्हतं. तो आठवडा आठवला की मला त्या लोहारासाठी आजही वाईट वाटतं.

इराणी लोक या नक्षीला ‘जौहर’ म्हणायचे. जौहर म्हणजे सत्त्व, रत्नसुद्धा. त्याचं अनेकवचन ‘जवाहिर’. आपण जडजवाहीर म्हणतो तो हाच शब्द. आणि आपण मराठीत तलवारीबद्दल काय म्हणतो? पाणी! पाणीदार तलवार, पाणी दिलेलं पातं. त्यांनी पोलादात रत्न पाहिलं, आपण पाणी पाहिलं. मी किनाऱ्यावरचा माणूस, मला आपलाच शब्द जास्त खरा वाटतो.

शब्दांचं एकदा सुरू झालं की थांबत नाही. म्यान फारसी. पोलाद, जे मी बावीस वर्षं दिवसातून शंभर वेळा म्हणतो, तेसुद्धा फारसी ‘पूलाद’! पोलाद इथून गेलं आणि त्याचं नाव तिकडून आलं. मग घरातले, बंदरावरचे शब्द तपासायला लागलो. बंदर फारसी. दर्या फारसी. आणि नाखवा? ज्याच्या शब्दावर होडी सुटते आणि परत फिरते, ज्याला आम्ही लहानपणापासून ‘नाखवा’ म्हणून हाक मारतो? तो फारसी ‘नाखुदा’, नावेचा धनी. हे मी आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या नाखव्याला सांगितलं. ते जाळं विणत होते. हात न थांबवता म्हणाले, ‘मग? दर्यावर सगळ्यांचीच भाषा चालते.’

आता तलवार वाकडी का? याचं उत्तर मला विळीने दिलं. दुधी विळीच्या पात्यावर नुसता दाबला की अडतो, ओढला की चिरला जातो. ताडगोळे सोलणाऱ्याचा कोयता पाहा, तो मारतानाच किंचित ओढला जातो, कारण पात्याला बाक आहे. शमशीरीला तो बाक खूप जास्त आहे. धावत्या घोड्यावरून वार केला की पातं लागतं आणि घोड्याच्या वेगानेच सरकत जातं, हाताला वेगळं ओढावं लागत नाही. म्हणून पातं अरुंद, सडसडीत, टोकाकडे निमुळतं, आणि सगळी तलवार बहुधा एक किलोच्या आतच. भोसकायला ती चांगली नाही. आपल्याकडे मराठ्यांचा ओढा सरळ पात्यांकडेही होता, परदेशी पात्याची फिरंग, लांब धोप. पण वाकडी तलवारही होतीच. आपल्या मुठीची तऱ्हा वेगळी, वर गोल चकती, बोटांवरून वळलेली परज. शमशीरीची मूठ साधी, टोकाला एका बाजूला वळलेली. इराणी पातं आणि हिंदुस्थानी मूठ अशी लग्नंही पुष्कळ लागली. काही पात्यांवर असदुल्ला इस्फहानी असं नाव सोन्यात असतं. शाह अब्बासच्या काळातला हा नामांकित कारागीर, आणि त्याचं नाव पुढेही पिढ्यान्‌पिढ्या पात्यांवर पडत राहिलं, इतकी त्या नावाची पत.

इराण, इराण, इराण. डोक्यात दुसरं काही नव्हतं. आणि मग मला खांब दिसले.

बहिणीकडे जायला मरीन लाइन्सला उतरलो होतो. धोबी तलावाच्या बाजूला पारश्यांचं अंजुमन आतश बेहराम हे अग्निमंदिर आहे, १८९७ मध्ये बांधलेलं. आत फक्त पारशी जातात आणि ते तसंच असायला हवं. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून वर पाहिलं. खांबांच्या माथ्यावर बैल. एकमेकांना पाठ लावून बसलेले दोन बैल, आणि त्यांच्या पाठीवर छताचा भार. या रस्त्याने मी वीसेक वेळा तरी गेलो असेन! मान वर केली नव्हती.

ते बैल पर्सिपोलिसचे. इराणी लोक त्या जागेला तख्त-ए-जमशीद म्हणतात. दारयवहु, ज्याला ग्रीक डरायस म्हणत, त्याने इसवी सनापूर्वी ५१८च्या सुमारास डोंगराच्या पायथ्याशी दगडी चौथरा बांधायला घेतला. त्यावर अपादान नावाचा दरबार, ७२ खांब, प्रत्येक खांब जवळजवळ वीस मीटर उंच. आज त्यांतले तेरा उभे आहेत. इसवी सनापूर्वी ३३० मध्ये अलेक्झांडरच्या हाती राजवाडा पडला आणि जळाला. छत देवदाराचं, ते गेलं. दगड राहिला.

मी त्या दगडातल्या चित्रांत वाकडी तलवार शोधायला बसलो. सरळ हिशेब होता, इराणची तलवार वाकडी, तर इराणच्या राजाच्या पहारेकऱ्याकडे ती असणारच. एकेक जिना, एकेक रांग पाहिली. एकही नाही! भाले आहेत, धनुष्यं आहेत आणि उजव्या मांडीवर बांधलेली आखूड, सरळ, दुधारी तलवार आहे. वाकडं पातं मध्य आशियाच्या घोडेस्वारांबरोबर इराणात आलं, या दगडांनंतर हजाराहून अधिक वर्षांनी, आणि शमशीरीचं ते खोल वळण तर शाह अब्बासच्या सफवी घराण्याच्या काळातलं. दोन्ही इराण माझ्या डोक्यात एकच होते, ते त्या रात्री सुटे झाले, आणि मला दुप्पट आनंद झाला.

कारण शोधताना मला आपला माणूस सापडला होता.

अपादानच्या पूर्वेकडच्या जिन्यावर तेवीस मुलखांचे लोक नजराणे घेऊन चढताना कोरले आहेत. त्यांत एक रांग हिंदुशची, म्हणजे सिंधूकाठच्या प्रांताची. बाकीच्यांनी अंगरखे, टोप्या, विजारी घातल्या आहेत. हे लोक उघड्या अंगाचे, कमरेला धोतर. एकाकडे कुऱ्हाडी आहेत, एक गाढव आहे, आणि एकाच्या खांद्यावर कावड! दोन टोकांना पाट्या, त्यांत पिशव्या, बहुधा सोन्याच्या भुकटीच्या. खांद्यावर दांडी तोलून, एक हात वर धरून तो चालला आहे. आमच्याकडे होडीवरून बोंबील वर आणताना बाबा असेच चालायचे. मी बायकोला हाक मारली, ‘अगं, बघ हे.’ तिने मोबाइल हातात घेतला, चित्र मोठं केलं आणि पहिलं काय म्हणाली असेल? ‘वजन आहे हो त्या पाट्यांत. दांडी बघा.’

आणि आणखी एक. पर्सिपोलिसच्या त्या भिंतींत चुना नाही, सिमेंट नाही. दगडाला दगड नुसता घासून बसवलेला आणि जोडावर लोखंडाचे चाप. ते चाप कशाने पक्के केले होते? वितळलेलं शिसं ओतून! पुढच्या काळात लोकांनी धातूसाठी ते उकरून काढले, त्यांची भोकं आजही दगडांत आहेत. वितळलेलं शिसं कसं दिसतं हे मला माहीत आहे. वर राखेसारखी साय येते, ती बाजूला केली की खाली चांदीसारखं चमकतं आणि एका श्वासात पुन्हा काळवंडतं. अडीच हजार वर्षांपूर्वी त्या चौथऱ्यावर कुणीतरी ती साय बाजूला करत होतं. दुसऱ्या दिवशी पाळीवर गेलो तेव्हा हौदासमोर मी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिलो.

एवढं सगळं लांबचं आहे असं वाटत असेल तर चिंचणीला चला. आमच्या बोईसरहून तासाभराचाही रस्ता नाही. तिथे १९५५ मध्ये ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या राजवटीतला. संजाणच्या मुलखावर तेव्हा राष्ट्रकूटांचा जो अधिकारी होता त्याचं नाव मधुमती. म्हणजे मुहम्मद! ताजिक, म्हणजे अरब, आणि बापाचं नाव सहियारहार, जे अभ्यासक शहरियार असं वाचतात. हा माणूस संजाणला एका मठाला जमीन देतो, लोकांसाठी नदीवर फुकट नाव चालवतो, अन्नछत्र घालतो. भात, कालवण, तूप. राष्ट्रकूटांचं राज्य, मुसलमान अधिकारी, हिंदू मठ आणि नावेत बसून पैसे न देता पलीकडे जाणारी साधी माणसं. त्याच गावच्या पुढच्या ताम्रपटात ‘हंजमान’ लोकांचा उल्लेख येतो, आणि ते पारश्यांचं अंजुमन असं मानतात. धोबी तलावावर ज्याचं नाव वाचलं तोच शब्द, चिंचणीच्या तांब्यावर, नऊशेहून अधिक वर्षं जुना.

तारापूरला अग्यारी आहे, १८२०च्या सुमारास विकाजी मेहरजींनी बांधलेली. तारापूरचे हे पारशी सावकार. तारापूरचा किल्ला, जो १७३९च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून घेतला आणि जिथे बाजी भिवराव रेठरेकर पडले, तो पेशव्यांनी पुढे यांना इनाम दिला. विकाजी आणि त्यांचे भाऊ पेस्तनजी पुढे निजामाच्या राज्यात एवढे मोठे झाले की औरंगाबादच्या टांकसाळीत पडलेला रुपया ‘पेस्तनशाही’ म्हणून चालला. मी त्या किल्ल्याच्या भिंतीजवळून शेकडो वेळा गेलो आहे. मागच्या रविवारी थांबलो, लेकीला घेऊन. तिने भिंतीला हात लावून विचारलं, ‘इथे लढताना कुठली तलवार असेल, बाबा, सरळ की वाकडी?’ मी म्हटलं, दोन्ही. पोर्तुगीजांची सरळ, आपली दोन्ही.

घोलवड-बोर्डीच्या मागे बहरोटचा डोंगर आहे. संजाण पडल्यावर पारश्यांनी आपला इराणशाह अग्नी तिथल्या गुहेत बारा वर्षं जपला असं १५९९च्या ‘किस्सा-ए-संजाण’मध्ये आहे. आज तो अग्नी उदवाड्याला आहे. बहरोट पावसाळ्यानंतर करायचा, चढ दमवतो असं जाऊन आलेले सांगतात.

त्याआधी कान्हेरी. बोरिवलीच्या त्या बौद्ध लेण्यांत, क्रमांक ९० मध्ये, पारशी प्रवाशांनी आपली नावं पहलवी या जुन्या इराणी लिपीत कोरून ठेवली आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये. लेणं बघायला आलेले लोक, आपल्यासारखेच. नाव, बापाचं नाव, तारीख. लेकीने पहलवीची काही अक्षरं वहीत उतरवून घेतली आहेत, ती तिला भिंतीवर शोधायची आहेत. येत्या रविवारी रात्रपाळी संपली की घरी न येता थेट बोईसर स्टेशनवर जायचं ठरलं आहे. ती आणि तिची आई तिथेच भेटतील. डबा त्या आणतील, टॉर्च माझ्या पिशवीत आहे.